अकरा मिनिटं

"ओढा," मी म्हणाले.

बाबालालचाचांनी प्लग ओढला. पडद्यावरचे चारही चौकोन एकदम विझले आणि खोक्यातला पंखा घरघरत थांबला. मी मनात दहापर्यंत मोजलं.

"आता लावा."

त्यांनी प्लग लावला. मी मोबाइलवरचं घड्याळ सुरू केलं आणि वही उघडून बसले.

"कितवी खेप ही, ताई?"

"सातवी."

"आन किती करायच्या?"

"वीस. मग दुसऱ्या सिस्टीमच्या वीस."

"म्हंजे चाळीस वेळा मारायचं आन चाळीस वेळा उठवायचं बिचाऱ्याला," चाचा म्हणाले. "गुन्हा काय केला त्यानं?"

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेवीस वर्षांची होते, इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.एस्सी. झाले होते आणि आमच्या नगरपरिषदेत सहा महिन्यांच्या करारावर संगणक सहायक म्हणून लागले होते. पाणीपुरवठ्याच्या उंच टाकीखाली एक पंपाची खोली आहे. तिथं चार कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा संगणक होता. तो जुना झाला म्हणून नवा आला होता. नव्यावर कुठली ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची, हे ठरवायचं काम अभियंता शेंडगेसाहेबांनी माझ्याकडे दिलं. "दुकानदार म्हणतो दोन्ही चालतात. तुम्ही ठरवा, लेखी द्या. सोमवारी सभापतींपुढं ठेवू." माझ्या सहीनं काहीतरी ठरणार, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मी वहीची नवी पानं आखून घेतली.

एक सिस्टीम विकतची होती आणि एक फुकटची. त्यांची नावं सांगत नाही, कारण दोन्ही आता इतक्या बदलल्या आहेत की माझे तेव्हाचे आकडे आज कुणी त्यांच्या माथी मारू नयेत. वहीत मी त्यांना 'अ' आणि 'ब' म्हटलं होतं, म्हणजे आपला कल कुठल्या बाजूला आहे ते आकडे लिहिताना आड येत नाही.

प्लग ओढून बघायचं कारण बाबालालचाचा. बाबालाल मुजावर एकोणीस वर्षं रोजंदारीवर व्हॉल्वमन होते. मोटर चालू करायची, ठरलेल्या वेळी ठरलेल्या गल्लीचा व्हॉल्व लांब दांड्याच्या चावीनं फिरवायचा, वेळ झाली की बंद करायचा. तीस हॉर्सपॉवरची ती मोटर सुरू होताना विजेचा दाब इतका खाली जायचा आणि मग इतका उसळायचा, की खोलीतल्या वस्तू जळायच्या. एक टीव्ही, दोन पंखे आणि एक रेडिओ गेल्यावर चाचांनी स्वतःला शिस्त लावली होती. मोटर चालू करायच्या आधी खोलीतले सगळे प्लग ओढायचे, मोटर लावायची, अँपिअरचा काटा स्थिर झाला की प्लग परत लावायचे. संगणक आला तेव्हा त्याचाही प्लग या शिस्तीत बसला. संगणकाला बॅटरीचा आधार दिला होता, पण तसले दोन डबे लागोपाठ जळाले आणि तिसऱ्याला मंजुरी नव्हती.

त्यामुळं पाणी सुटायच्या दिवशी, म्हणजे एक दिवसाआड, सकाळी सहा ते सहा वीस असं रेकॉर्डिंगच नसायचं. जुना संगणक चालू झाला की मध्येच थांबून कुणीतरी बटण दाबायची वाट बघत बसायचा, आणि चाचा व्हॉल्व फिरवून परत येईपर्यंत बटण दाबायला कुणी नसायचं.

पडदा उजळला. चारही चौकोन आले. कोपऱ्यात रेकॉर्डिंगचा लाल ठिपका लागला.

"एक मिनिट बावन्न सेकंद," मी म्हणाले. "छान."

"छान?" चाचांनी विचारलं.

"मागचं तर वीस मिनिटं घेत होतं की."

चाचा लाल ठिपक्याकडं बघत राहिले. मला तेव्हा वाटलं, त्यांना कौतुक वाटतंय.

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. पाणीपुरवठा समितीचे सभापती अण्णा खराडे आत आले. बाजारपेठेतून निवडून आलेले, कपड्याचं मोठं दुकान, हातात कायम किल्ल्यांचा जुडगा. नव्या संगणकाचा आग्रह त्यांचाच.

"काय म्हणतंय यंत्र?"

"चाचणी चालू आहे, अण्णा."

"करा, करा. मला एकच बघायचंय. पेठेत सव्वासहाला पाणी सुटतं, आणि पहिली दहा मिनिटं नुसती करंगळीएवढी धार. टाकी भरलेली असते, तर मग जातंय कुठं?" ते चाचांकडं वळले. "काय बाबालाल, सासुरवाडी कुठली रे तुझी?"

"विटा, अण्णा. तितवर पाणी न्यायचं म्हंजे पाइप लय लागंल."

अण्णा हसले, पण डोळ्यांनी नाही. "हस बाबा. तुझी कायम करायची फाइल माझ्याच टेबलावर आहे, एवढं ध्यानात ठेव. एकदा का ती वीस मिनिटं मला दिसली, की एक तर सही करीन नाहीतर त्याच दिवशी तुला घरी पाठवीन. दोन्हीत मला आनंदच आहे."

ते गेल्यावर चाचांनी विचारलं, "ओढू का?"

"ओढा," मी म्हणाले.

दोन दिवसांत 'अ'च्या वीस खेपा झाल्या. सरासरी एक मिनिट त्रेपन्न सेकंद. मात्र वीसपैकी तीन वेळा, प्लग ओढण्याआधीच्या तासाची फाइल उघडेना. लिहिता लिहिता वीज गेली की शेवटचं पान फाटावं, तसं होत होतं. मग मी 'ब' टाकली. 'ब'ची तऱ्हा वेगळी. अवचित वीज गेली असली, की ती आधी अख्खी डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासायची आणि मगच रेकॉर्डिंगला हात घालायची. वीस खेपांत एकही फाइल बिघडली नाही. वेळ मात्र अकरा मिनिटं. दर वेळी अकरा, पाच-सात सेकंद इकडंतिकडं.

खेपांच्या मधल्या वेळात मी जुन्या डिस्कवरचं रेकॉर्डिंग बघत बसायचे. मला खरं म्हणजे चित्र किती स्पष्ट येतं एवढंच तपासायचं होतं. दोन नंबरचा कॅमेरा टाकीवर होता. टाकीच्या अंगावर बाहेरून एक उभी पट्टी असते आणि तिच्यावर पाण्याची पातळी दाखवणारा लोखंडी काटा. पट्टीवरचे आकडे केव्हाच पुसले गेले होते, नुसत्या रेघा उरल्या होत्या. मी गंमत म्हणून काट्याची नोंद करायला लागले. सहाच्या आधी काटा कुठं, रेकॉर्डिंग परत सुरू झाल्यावर कुठं. पाण्याचे वीस दिवस सापडले. विसाच्या वीस दिवशी, त्या न दिसणाऱ्या वेळात काटा एक रेघ वर चढलेला होता.

हे बरोबरच होतं. मोटर चालू झाली म्हणजे टाकीत पाणी चढणार. मी वहीत लिहिलं : पातळी वाढते, शंका घेण्याजोगं काही नाही. अण्णांना हे दाखवलं की चाचांची फाइल सुटेल, या विचारानं मी खूश झाले आणि चहा प्यायला बाहेर आले.

बाहेर टाकी भरून वाहत होती. वरच्या कडेच्या पाइपातून पाण्याची जाड धार खालच्या गटारात पडत होती. चाचा मोटर बंद करायला धावले. मी सहज काट्याकडं पाहिलं. टाकी काठोकाठ होती, आणि काटा पार तळाला होता.

चाचा हात पुसत आले.

"चाचा, काटा बिघडलाय का हा?"

"न्हाई की. तरंगणारा डबा वर आला की दोरी ढिली पडती, मग काटा खाली येतो. उलटंच असतं त्याचं. पाणी वर, काटा खाली."

मी त्या धारेकडं बघत उभी राहिले. म्हणजे काटा एक रेघ चढतो, तेव्हा पाणी एक रेघ उतरलेलं असतं. मोटर चालू असताना, आणि पेठेचा व्हॉल्व उघडून जेमतेम पाच मिनिटं झालेली असताना.

"दोन रेघांत अंतर किती हो?"

"धा सेंटिमीटर."

टाकीचा व्यास बारा मीटर, हे मला कार्यालयातल्या नकाशावरून ठाऊक होतं. गुणाकार करायला वही लागली नाही. अकरा हजार लिटर. शिवाय तेवढ्या वेळात मोटरनं टाकलेलं वेगळं.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते खरं सांगायचं तर, दुःख नव्हतं की रागही नव्हता. उत्तर सापडल्याचा आनंद होता. दुसऱ्या क्षणी माझं लक्ष चाचांच्या चेहऱ्याकडं गेलं. मी काय विचारतेय आणि का, ते त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

"कुठं जातं, चाचा?"

त्यांनी चावी भिंतीला टेकवून ठेवली. "सांगून कळायचं न्हाई. उद्या पाण्याचा दिवस हाय. साडेपाचला या."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी पोचले. सहाला त्यांनी प्लग ओढले, मोटर लावली आणि अँपिअरचा काटा स्थिर होईपर्यंत त्याच्याकडं एकटक पाहिलं. मग संगणकाचा प्लग लावला आणि म्हणाले, "चला."

टाकीमागं शंभर पावलांवर, तीन नंबरच्या कॅमेऱ्यासमोर, दोन लोखंडी झाकणं होती. एक पेठेच्या लाइनचं, दुसरं टेकवस्तीच्या. टेकवस्ती म्हणजे गावाच्या वरच्या अंगाला, खाणीजवळ, दगडफोडीचं काम करणाऱ्यांची अडतीस घरं. वेळापत्रकात दोघांची वेळ एकच लिहिलेली, सव्वासहा ते सात. कागदावर पेठ आणि टेकवस्ती सारखीच.

"आज आधी कायद्यानं करून दावतो," चाचा म्हणाले. सव्वासहापर्यंत आम्ही तिथं नुसते उभे राहिलो. मग त्यांनी दोन्ही व्हॉल्व लागोपाठ पूर्ण उघडले आणि मला टेकडीवर घेऊन गेले.

वस्तीतल्या पहिल्याच नळापाशी एक बाई घागर लावून बसली होती. नळ साप फुत्कारल्यासारखा आवाज करत होता. नुसती हवा. मी नळाच्या तोंडाशी हात धरला, तर वारा उलटा आत ओढला जात होता.

"काय झालं आज, बाबालालभाऊ?" बाईंनी विचारलं. "मोटर जळली का?"

"न्हाई, हौसाबाई. ताईंना बघायचं होतं."

"काय बघायचं?"

"पानी कसं येत न्हाई ते."

हौसाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एवढ्यासाठी शिकलेलं माणूस लागतं व्हय? आमाला इचारायचं. धा वरसं तेच बघितलंय."

खरं तर मला शाळेतल्या पुस्तकातलं चित्रही आठवायला हवं होतं. खालची वाट मोकळी असली की पाणी वर कशाला चढेल? पेठ टाकीच्या पायथ्याला, वस्ती टेकडीवर, जवळजवळ टाकीच्या तळाच्या उंचीला. दोन्ही दारं एकदम उघडली की खालच्यांना धार आणि वरच्यांना वारा.

खाली येताना चाचा बोलत होते, माझ्याकडं न बघता. "मी आधी पेठ बंद ठेवून वरचं सोडतो. मोटर लागली की लगीच. सव्वासहाच्या आधी बंद करून पेठेचं उघडतो. घरटी दीड पिंप हुतं. पेठेला पहिली धा मिनिटं धार बारीक लागती, पाइप भरंस्तवर. मग सात वाजंस्तवर झोकात चालतं त्यांचं."

"मग हे वेळापत्रकात का नाही लिहीत?"

"तीन डाव अर्ज दिलाय त्या लोकांनी. सभेत म्हन्ले, येळ समान हाय, भेदभाव न्हाई."

"आणि तुम्हाला कुणी सांगितलं असं सोडायला?"

"कुणी न्हाई. एकदा चुकून सोडलं. वरून पोरींचा आरडाओरडा ऐकू आला, पानी आलं, पानी आलं. मग चुकून सोडायचं बंद करता येईना."

त्या दिवशी त्यांनी सात वाजता पेठ बंद केल्यावर, चाचणीच्या नावाखाली प्लग ओढून, वस्तीला नऊ मिनिटं पाणी सोडलं. मी बरोबर उभी होते. साडेसातला मी शेंडगेसाहेबांच्या घरी गेले. ते अंगणात मोगऱ्याला पाणी घालत होते. मी उंचीचं, दाबाचं आणि चाचा करतात त्याचं सगळं समजावून सांगितलं, आणि म्हणाले, अहवालात एक परिच्छेद टाकते, दहा मिनिटं वस्तीला वेगळी द्यावीत म्हणून.

साहेबांनी झारी खाली ठेवली. "ऋजुता, तुम्हाला अहवाल कशाचा मागितलाय?"

"ऑपरेटिंग सिस्टीमचा."

"मग तेवढाच द्या. तो परिच्छेद मी दोनदा लिहिलाय, माझ्या सहीनं. दोन्ही वेळा सभेनं फेटाळला. तिसऱ्यांदा तुमच्या अहवालात आला तर ते विचारतील, तुम्हाला हे कळलं कसं? मग बाबालालचं नाव घ्यावं लागेल. आणि तुम्ही मला आत्ता जे सांगितलंत ते मी ऐकलं असेल, तर मलाच कारवाई करावी लागेल. म्हणून मी ऐकलेलं नाही. पाणी घालत होतो."

"पण साहेब, 'अ' टाकली तर सहा वाजून पाच मिनिटांनी सगळं दिसायला लागेल."

"आणि 'ब' टाकली तर?"

"सहा वाजून चौदा."

त्यांनी झारी उचलली आणि पुढच्या रोपाकडं गेले. "तुमचे आकडे आहेत. खोटा एकही लिहू नका. बाकी तुम्ही शिकलेल्या आहात."

रविवारभर मी अहवाल लिहीत बसले. तसं पाहिलं तर तो एका पानाचा होता. 'ब' बरी, असं लिहायला माझ्याकडं खरं कारण होतं : वीसपैकी तीन फाइली खराब होणं ही लहान गोष्ट नाही. पण ते माझं कारण नव्हतं. आणि 'अ' बरी, असं लिहायलाही तितकंच खरं कारण होतं. एरवी मी कुठली निवडली असती, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं. शपथेवर सांगते, मला ते ठरवता आलं नाही. शेवटी मी दोन्हींचे चाळीसच्या चाळीस आकडे जोडले, खराब फाइलींच्या तारखा लिहिल्या, आणि शिफारशीच्या ओळीत 'ब' लिहून सही केली.

सोमवारी अकरा वाजता साहेबांच्या खोलीत अण्णा, साहेब आणि मी बसलो. चाचांना बोलावून घेतलं होतं. ते दारापाशी उभे होते. बसायला त्यांना कुणी सांगितलं नाही.

अण्णांनी कागद हातात घेतला आणि थेट आकड्यांवर बोट ठेवलं. "ही एक मिनिट त्रेपन्न सेकंदांत चालू होते. ही अकरा मिनिटांत. आणि तुम्ही अकरावाली घ्या म्हणता?"

"हो."

"का?"

मी खराब फाइलींच्या तारखा दाखवल्या. "पहिलीत प्लग काढायच्या आधीची फाइल कधीकधी खराब होते. वीस वेळांत तीन वेळा झाली. दुसरीत एकदाही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे एखाद्या दिवशी टाकीवर काही झालं आणि ते रेकॉर्डिंग नेमकं बिघडलं, तर नंतर काहीच दाखवता येणार नाही."

"आणि त्या अकरा मिनिटांत काही झालं, तर?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. दारापाशी चाचांनी एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला, एवढं जाणवलं.

"ते दिसणार नाही," मी म्हणाले.

अण्णांनी कागद शेंडगेसाहेबांपुढं सरकवला. "तुमचं काय म्हणणं?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "अण्णा, आत्ता वीस मिनिटं दिसत नाही. त्याची अकरा झाली. निम्मं काम झालं. आणि उद्या कुणी कोर्टात गेलं, तर फाइल उघडली पाहिजे. पुरावा शाबूत पाहिजे."

"पुरावा पाहिजेच," अण्णा म्हणाले. कोर्ट हा शब्द त्यांना आवडलेला दिसला. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला, पेन काढलं आणि माझ्या सहीखाली आपली सही केली. मग दाराकडं पाहिलं. "काय रे बाबालाल, चालेल का अकरा मिनिटं?"

"यंत्राचं मला काय कळतंय, अण्णा."

"फाइल पुढच्या महिन्यात बघू तुझी. हे चालू होऊ दे आधी."

चाचांनी मान डोलावली. ती फाइल पुढच्या महिन्यात नाही, पण दिवाळीनंतर सही होऊन आली. अर्थात तोवर माझा करार संपला होता.

त्या सोमवारी मी पंपाच्या खोलीत परत गेले, 'ब' कायमची बसवायला. चाचा मागोमाग आले. स्टोव्ह पेटवून त्यांनी चहा ठेवला. मी तारा लावत होते. मला वाटलं, आता ते आभार मानतील.

त्यांनी पातेल्यात साखर टाकली. मग म्हणाले, "ताई, एक इचारू?"

"विचारा ना."

"ह्याची अकरा मिनिटं हायत, ती कमी-जास्ती करता येत्यात का?"

"कमी करता येतील. डिस्कचा भाग लहान केला की तपासणी लवकर संपते. का?"

"दोन कमी करा," चाचा म्हणाले. "वरच्यांना नऊ पुरत्यात. उरलेली दोन पेठेची हायत."